रक्तातलं वाजवणं

डॉक्टर टिपणिसांनी माइकसमोर ते वाक्य म्हटलं तेव्हा सोमा ओव्हाळ क्लॅरिनेटची पत्ती जिभेने ओली करत होता. वाक्य इंग्रजीत होतं आणि चांगल्या मनाने म्हटलेलं होतं. क्लॅरिनेटवर मिस्टर ओव्हाळ, आमच्याच कर्जतचे. ह्यांच्या रक्तातच वाजवणं आहे, ह्यांचे वडील आमच्याकडच्या लग्नांत सनई वाजवायचे, त्यांचेही वडील वाजवायचे. खोपोलीच्या वीजघराच्या क्लबात वेताच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी कौतुकाने माना हलवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर टाळ्या वाजवल्या, अजून कुणी काही वाजवायच्या आत. सोमाला राग आला नाही. निदान तेव्हा आला नाही. फक्त पत्तीची चव बदलल्यासारखी वाटली, आणि आपण अंगात घातलेला कोट आपला नसून कुणाकडून तरी मागून आणलेला आहे असं त्याला उगाच वाटलं. कोट त्याचाच होता. कर्जतच्या शिंप्याने दिवाळीच्या आधी शिवून दिला होता.

त्या वर्षीच्या, म्हणजे सदुसष्टच्या हिवाळ्यात भोर घाट जॅझ सोसायटीने पहिल्यांदाच चार कार्यक्रमांचा हंगाम ठरवला होता. सोसायटी म्हणजे टिपणीस डॉक्टर आणि त्यांच्या तबकड्या, आणि रेल्वे कॉलनीतली चार-पाच माणसं. डॉक्टरांना मुंबईला शिकत असताना ह्या संगीताचं वेड लागलं होतं आणि दवाखाना कर्जतला घातल्यावरही ते गेलं नव्हतं. पियानोवर मिसेस पिंटो, ड्रमवर रॉबिन्सन. हा रॉबिन्सन घाटात गाड्यांना मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा ड्रायव्हर होता, आणि त्याच्या ड्यूटीमुळे सगळे कार्यक्रम रविवारी दुपारी ठेवावे लागत. पहिला कार्यक्रम कर्जतच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये झाला, दुसरा हा खोपोलीचा, तिसरा माथेरानच्या हॉटेलात, आणि शेवटचा पुन्हा कर्जतला. सोमा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होता. इन्स्टिट्यूटमध्ये कुणीतरी त्याला कोपऱ्यात बसून वाजवताना ऐकलं आणि डॉक्टर स्वतः पार्सलच्या खिडकीशी येऊन त्याला विचारून गेले, ह्याला आता दोन वर्षं होत आली होती. दोन वर्षांत डॉक्टरांनी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. हेही त्याला त्या क्षणी आठवलं, आणि आठवून काही उपयोग झाला नाही.

मिसेस पिंटोंनी सुरुवात केली. संथ चालीची धून होती, थंडीतल्या संध्याकाळसारखी, आणि तिच्या मध्यावर क्लॅरिनेटने एकट्याने निघायचं होतं. सोमा निघाला. आपण काय वाजवणार हे त्याला साधारण ठाऊक असायचं. पण त्या दिवशी वरच्या सुरावरून खाली येताना तो पायऱ्या उतरल्यासारखा उतरला नाही, घसरत आला. एका सुराचा हात न सोडता दुसऱ्याचा धरावा तसा, मधली सगळी जागा ओली करत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने ते पुन्हा केलं, आणि दुसऱ्या खेपेला त्याला कळलं की हे नवरी मांडवातून निघतानाचं आहे. त्याचा बाप नवरी निघताना असा खाली यायचा. समोरच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. धून संपली आणि सोसायटीच्या दोन वर्षांत कधी मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या. रॉबिन्सनने ड्रमच्या मागून अंगठा वर केला. डॉक्टर पुढे येऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "ओव्हाळ, बघा, मी म्हणालो नव्हतो? शेवटी ते बाहेर येतंच." सोमा हसला. परतीच्या बसमध्ये क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन तो बसला होता, आणि इतकं चांगलं वाजवल्याची त्याला शरम वाटत होती.

डॉक्टरांनी सनई कुठे ऐकली होती हे त्याला माहीत होतं. डॉक्टरांच्या आत्याचं लग्न. डॉक्टर तेव्हा शाळकरी असतील, आणि सोमाही. डॉक्टरांनी ते लग्न त्याला दोनदा वर्णन करून सांगितलं होतं: ओटीवर पाहुणे, मांडवाला केळीचे खांब, आणि पहाटेपासून कुठूनतरी येणारी सनई. कुठूनतरी, असंच ते म्हणाले होते. सोमाला ती कुठून येत होती ते ठाऊक होतं. मांडवाच्या बाहेर, गोठ्याच्या भिंतीला लागून खालूबाजाची माणसं उभी होती. ढोल, टिमकी आणि मधे त्याचा बाप काळूराम. दिवसभर उभी. बसायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, पण बसायला तिथे काही नव्हतंही. पंगती उठल्यावर पत्रावळी गोठ्यामागे आल्या. आत्याबाई निघाल्या तेव्हा काळूरामने ते असं घसरत खाली येणं वाजवलं, आणि ओटीवरच्या बायका रडल्या. सोमाने तेव्हा बापाचं तोंड पाहिलं होतं. गाल फुगलेले, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर कसलंच दुःख नाही. काम करणाऱ्या माणसाचा चेहरा. पुढे छप्पन साली धम्म घेतला त्या हिवाळ्यात दहिवलीच्या त्यांच्या वस्तीने ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, कुणाच्या दारात बाजा वाजवायचा नाही. काळूरामने सनई आढ्याला खोचून ठेवली आणि परत खाली काढली नाही. तिचा पितळेचा प्याला एकदा निखळून पडला, तेव्हा आई त्यातून बाटलीत रॉकेल ओतायला लागली. बापाने ते पाहिलं आणि तसंच चालू दिलं.

घरी बायकोने, जनाने विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"मग असं तोंड का केलंय?"

त्याने तिला डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. जना पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. ती म्हणाली, "वाईट बोलले नाहीत ते."

"वाईट बोलले असते तर बरं झालं असतं."

जनाने वर पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. हे तिचं त्याला आवडायचं. मात्र त्या दिवशी तिने विचारायला हवं होतं असं त्याला वाटत राहिलं, म्हणजे त्याला स्वतःला तरी काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. कारण त्याला खरी भीती वाटत होती ती डॉक्टर चुकीचं बोलले ह्याची नव्हती. ते बरोबर बोलले असतील ह्याची होती. जे आपण कमावलं असं धरून चाललो ते आधीच आत होतं, आणि बापाने सोडलं तरी ते आपल्यात वाट काढून बसलं होतं. म्हणजे मग सोडणं, ठरवणं, धम्म घेणं, ह्या सगळ्यानंतरही रक्त आपलं काम करतच राहतं? मग जे लोक म्हणतात की ज्याचं त्याला जन्माने मिळतं, त्यांचं काय चुकलं? असा विचार डोक्यात घेऊन तो आठवडाभर पार्सलांवर शिक्के मारत राहिला.

क्लॅरिनेट त्याला कायतान मिरांडाने शिकवलं. माथेरानच्या हॉटेलात सोमा विशीत असताना धोबीखान्यात कामाला होता, आणि कायतान तिथल्या बँडमध्ये होता. गोव्याचा, बारीक, सदा खोकणारा. दुपारी हॉटेल झोपलेलं असताना कायतान धोबीखान्याच्या मागे येऊन सराव करायचा, कारण तिथे कुणी तक्रार करत नसे. सोमा चादरी वाळत घालताना ऐकायचा. एक दिवस कायतानने वाद्य त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "फूंक मत. सांस ले. फूंकना बादमें." त्यानंतर नऊ हंगाम. पहिल्या हंगामात एक सूर धड निघाला नाही. खालचा ओठ आतून फाटायचा, आणि तिखट जेवण जात नसे. कायतान कागदावर पाच रेघा मारून त्यावर टिंबं काढायचा आणि ती वाचता आली नाहीत की शिव्या द्यायचा, कोकणीत, त्यामुळे त्या लागत नसत. बाप सनई वाजवतो हे सोमाने कायतानला सांगितलं होतं. कायतान म्हणाला होता, "अच्छा. मेरा बाप नारियल उतारता था." आणि पुढचा धडा दिला होता.

माथेरानच्या आधीच्या तालमीत डॉक्टर म्हणाले, "तो खोपोलीचा तुकडा ठेवा हं. सनईचा." सोमाने प्रयत्न केला. घसरणं आलं, पण ते कुणी मागितल्यासारखं आलं. मिसेस पिंटो पियानोवरून हात काढून म्हणाल्या, राहू दे, रविवारी आपोआप येईल. आपोआप हा शब्द ऐकून सोमा पत्ती काढून पुसायला लागला.

रविवारी नेरळहून छोट्या गाडीने ते वर गेले. हॉटेलचा हॉल तोच होता. सोमा त्यात पूर्वी फक्त पडदे काढायला आणि धुऊन परत टांगायला शिरला होता. डॉक्टरांनी ह्या वेळी ओळख अधिक रंगवून सांगितली. त्यात पिढ्या आल्या, सह्याद्री आला, आणि लग्नमांडवातून जॅझच्या व्यासपीठापर्यंतचा प्रवास आला. सोमा ऐकत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने कागदावर लिहिलेले सूर वाजवले, जेवढे लिहिले होते तेवढेच, जसे लिहिले होते तसे. एकही इकडेतिकडे नाही. टाळ्या पडल्या, पण हॉटेलात जेवणानंतर पडतात तशा. रॉबिन्सनने त्याच्याकडे वळून पाहिलं. खाली उतरताना गाडीत डॉक्टर शेजारी येऊन बसले आणि काळजीने म्हणाले, "आज बरं नव्हतं का?"

"बरं होतं."

"मग?"

"लिहिलं होतं ते वाजवलं."

 वळणावर गाडी कुरकुरत होती. मग डॉक्टर म्हणाले, "शेवटचा आपल्या गावात आहे, ओव्हाळ. सोडून जाऊ नका." सोडून जायचा विचार सोमाने अजून केला नव्हता. डॉक्टरांनी म्हटल्यावर तो केला, आणि तो फार सोपा वाटला.

पुढच्या रविवारी सकाळी तो पूल ओलांडून दहिवलीला गेला. काळूराम अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होता. आई जाऊन चार वर्षं झाली होती. म्हातारा आपलं सगळं एकटाच करायचा, आणि कर्जतला राहायला चल म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायचा. सोमा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानेही शेंगा हातात घेतल्या. थोड्या वेळाने म्हातारा म्हणाला, "मंगळ्या सांगत व्हता." मंगळ्या म्हणजे वस्तीतलाच, खोपोलीच्या क्लबात चहा देणारा. "सायबानं माझं नाव काढलं म्हनं."

"नाव नाय काढलं. बाप म्हनला." दहिवलीत आला की सोमाचं बोलणं आपसूक बदलायचं. "म्हनला, यांच्या रगतातच हाय वाजवनं."

"रगतात?"

"हां."

काळूरामने हातातली शेंग सोलून पुरी केली. "मंग आमच्या गजाच्या रगतात का नव्हतं रं? सख्खा भाव माझा. येका आईचं दूध प्यालो. त्याला मरस्तोवर येक सूर काढता आला नाय." त्याने दाणे सुपात टाकले. "मला माझ्या मामानं शिकवलं. दम धराया नदीत नेऊन पान्यात तोंड बुडवायचा, वर आलो का पाठीत काठी. दोन पावसाळे निस्ता येकच सूर. रगत आलं, नाय असं नाय. पन ते व्हटातनं आलं."

 काकडीच्या वेलावर एक चिमणी बसली होती, सोमा तिच्याकडे पाहत राहिला.

"रगतातलं म्हनलं का बरं असतं त्यांना," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पावसाचं बोलावं तसं तो बोलत होता. "गाय दूध देते. तसं आमी वाजवायचं. गायीला कोन इचारतंय, कुठं शिकलीस?"

"मी सोडावं म्हन्तो," सोमा म्हणाला.

"का?"

"तुमी बी सोडलंत."

काळूरामने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "मी वाजवनं नाय सोडलं. त्यांच्या दारात हुभं ऱ्हानं सोडलं. दुसरं दार नव्हतं, म्हनून वाजवनं बी गेलं त्याच्याबरबर."  सोमाला वाटलं, अकरा वर्षांत आपण हे विचारलं नव्हतं. बापाने सोडलं म्हणजे त्याला ते नको होतं, असं धरून आपण चाललो होतो. आणि आढ्यावरच्या त्या लाकडाकडे म्हातारा रोज आडवा पडून पाहत होता.

"नवरी निघतानाचं ते," सोमा म्हणाला, "खाली घसरत येतं ते. ते मला कुनी नाय शिकवलं. खोपोलीला आपसूक आलं."

"आपसूक कसं यील? कितींदा आयकलंस तू. भितीला टेकून बसायचास नि झोप म्हनलं तरी झोपायचा नायस." म्हातारा किंचित हसला. "आयकाया लागतंच की."

उठताना त्याने विचारलं, "तितं तुला बसाया देतात?"

"वाजवताना हुभं ऱ्हातात समदे. येरवी खुर्ची असते."

"नि खायाला?"

"येकाच टेबलावर. समद्यांबरबर."

"शेवटचं कर्जतलाच हाय ना?" काळूरामने सूप उचललं. "मी येतो."

सोमा त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्यात गेला. शेवटचा रोगी जाईपर्यंत तो बाकावर बसून राहिला. रस्ताभर त्याने वाक्यं तयार केली होती, त्यांतली बरीच कडक होती, आणि डॉक्टरांनी "या, ओव्हाळ" म्हणून समोर बसवल्यावर त्यांतली एकही राहिली नाही. तो म्हणाला, "डॉक्टर, माझी ओळख करून देताना रक्ताचं सांगू नका."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी तर कौतुकानं सांगत होतो."

"माहीत आहे."

"तुम्हाला ते कमीपणाचं वाटतं? वडिलांचं वाजवणं?"

"नाही. ते शिकले होते. मार खाऊन शिकले. मीही शिकलो, दुसऱ्याकडे. तुम्ही रक्त म्हणता तेव्हा शिकणं निघून जातं त्यातून." सोमा पुढे सरकून बसला. "आणि त्यांनी ते वाजवणं का सोडलं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. ते वाईट माणूस नव्हते. सोमाला हे त्याही क्षणी दिसत होतं, आणि त्यामुळेच हे बोलणं कठीण जात होतं. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "ते कुठे उभे असायचे ते मी कधी पाहिलंच नाही हो. नुसतं ऐकू यायचं." मग चष्मा घालून, "काय सांगू?"

"नाव सांगा. पार्सल ऑफिसात आहे म्हणून सांगा. आणि माथेरानला कायतान मिरांडांकडे शिकलो, ते सांगा."

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी इन्स्टिट्यूटचा हॉल भरला. अर्धी रेल्वे कॉलनी होती, बाजारातली माणसं होती, दवाखान्यातले ओळखीचे होते. काळूराम धुतलेलं धोतर आणि काळा कोट घालून जनाबरोबर आला. दारात तो जरा थांबला. सोमा व्यासपीठावरून पाहत होता. आता हा भिंतीला लागून उभा राहणार. पण जनाने पुढे होऊन तिसऱ्या रांगेतली खुर्ची दाखवली आणि म्हातारा जाऊन बसला. हात मांडीवर ठेवले, मग काढून खुर्चीच्या हातांवर ठेवले.

सोमाने सांगितलं होतं तेवढंच डॉक्टरांनी सांगितलं. मिरांडा हे नाव त्यांनी सावकाश, नीट उच्चारलं. मिसेस पिंटोंनी सुरुवात केली. आपली पाळी येईपर्यंत सोमा विचार करत होता की ती जागा आली की काय करायचं, घसरायचं की पायऱ्यांनी उतरायचं. आणि पाळी आली तेव्हा विचार करायला वेळच राहिला नाही. कायतानचा श्वास घेऊन तो वर गेला, कायतानने काढलेल्या टिंबांवरून फिरला, आणि खाली येताना बापासारखा आला. दोन्ही त्याला येत होतं. त्याला ते येतं, एवढंच त्याला वाजवताना वाटलं. मागे रॉबिन्सनने ड्रमवर ब्रश हळूच फिरवला आणि त्याला पुढे जाऊ दिलं. त्याने एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. काळूराम मान कलती करून बसला होता, तोंड थोडं उघडं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे सोमाने तिथे कधी पाहिलं नव्हतं. ते दुःख होतं की काय, त्याला सांगता आलं नसतं. पण काम करणाऱ्या माणसाचा चेहरा तो नव्हता.

नंतर हॉलच्या टोकाला टेबलावर चहा आणि बटाटेवडे होते. लोक सोमाला भेटून जात होते. डॉक्टर बशी सांभाळत काळूरामजवळ आले, वाकून नमस्कार केला, आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.  मग म्हणाले, "काळूरामबाबा, आत्याच्या लग्नातलं तुमचं वाजवणं अजून कानात आहे माझ्या. पुढच्या हंगामात एकदा ऐकवाल? इथे, ह्याच व्यासपीठावर. मानानं."

सोमा कपबशी हातात धरून थांबला. जनाही थांबली. म्हाताऱ्याने घाई केली नाही. त्याने चहा बशीत ओतला, एक घोट घेतला.

"नाय," तो म्हणाला. "लय वाजवलं. आता मी आयकतो."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "बरं, बरोबर आहे."

"मदलं येक गानं लय लांबलं तुमचं," काळूराम म्हणाला. "त्या वख्ताला माझा डोळा लागला. पुढल्या हंगामाला तेवढं बारीक करा."

डॉक्टर मान हलवून म्हणाले, "करतो." रेल्वेचे गडी मागच्या रांगेपासून खुर्च्या मिटायला लागले होते. काळूराम उठला नाही. त्याने रिकामा कप जनाच्या पुढे केला आणि आणखी चहा मागितला.